चार नंबरला कोणी मोजलं?

नेरिओ बोस्कान एका बोटाने टाइप करायचा. उजव्या हाताचं पहिलं बोट, नखाखाली ग्रीसची कधीही न गेलेली काळी रेघ. त्यामुळे फोनच्या काचेवर त्याच्या प्रत्येक वाक्याचे डाग राहायचे. तो रागात लिहायचा तेव्हा डाग मोठे असायचे. मी त्याच्या शेजारी बसून हे पुष्कळदा पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

माराकाइबोच्या सरकारी इस्पितळात तळमजल्यावर डायलिसिसची खोली आहे. एकोणीस मशिनं, त्यातली चालू पाच. पूर्वी एक कंपनी त्यांची देखभाल करायची. एका सकाळी कंपनीची माणसं आली, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि देश सोडून गेली. नेरिओ तेव्हा इस्पितळाचे एसी दुरुस्त करायचा. दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून त्याने फ्रिज उघडावा तसं पहिलं मशीन उघडलं. तीन महिन्यांत त्याला त्या मशिनांच्या पोटातली प्रत्येक नळी माहीत झाली. त्याच्याकडे पदवी नव्हती, कसलंही प्रमाणपत्र नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्या कातडीखाली काचेच्या तुकड्यासारखी रुतलेली होती. वरून दिसायची नाही. नेमका तिथेच हात लागला की मात्र तो किंचाळायचा.

मी सिरो. त्याच इस्पितळात एक्स-रे काढायचो. माझं मशीन माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मेलं, आणि मग माझ्याकडे वेळच वेळ उरला. त्या वेळात मी फोनवर एक ग्रुप सुरू केला. नाव ठेवलं ‘थांबलेली मशिनं’. मेक्सिकोच्या सरहद्दीपासून पार खाली पॅटागोनियापर्यंतची चारशेच्या वर माणसं त्यात होती, सगळी इस्पितळातली मशिनं जुळवून-जुगाडून चालवणारी. नियम मी एकच घातला होता. ज्याने प्रश्न विचारला, त्याने परत येऊन शेवट लिहायचा. मशीन चालू झालं की नाही, दोष कशात होता, चूक कोणाची होती. प्लगच लावायचा राहिला होता असं निघालं, तरी ते लिहायचं. एकदा लिहिलेला शेवट बदलायचा नाही. उद्या दुसऱ्या गावात हीच पाळी कोणावर आली, तर त्याला ते सापडलं पाहिजे.

नेरिओचे शेवट ग्रुपमध्ये सगळ्यात चांगले असत. छोटे, कोरडे, फोटोंसकट.

त्याची मोठी बहीण योलेइदा त्याच खोलीत सोमवार, बुधवार, शुक्रवार दोन नंबरच्या मशिनवर बसायची. आई गेली तेव्हा नेरिओ सहा वर्षांचा होता आणि ती तेरा. शाळेच्या फाटकाशी केळ्याच्या पिठाच्या तळलेल्या मांडोका विकून तिने त्याला वाढवलं. आता तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि तिचं रक्त धुणारं मशीन नेरिओच्या हातात होतं. ती खोलीत शिरताना मोठ्याने म्हणायची, “काय रे, आज मला जिवंत ठेवणार आहेस की एसी दुरुस्त करायला जाणार आहेस?” तो म्हणायचा, “आधी गप्प बसायला काय घेशील ते सांग.” आमच्याकडे माया अशीच बोलतात. गोड बोलणाऱ्या माणसाचा आम्हाला संशय येतो.

त्या मार्चमध्ये सगळा देश पाच दिवस अंधारात गेला. वीज परत आली ती लाथ मारत आली. मशिनांची मापं बिघडली. डायलिसिसचं पाणी खारट असावं लागतं, पण ठरलेल्या मापाचं खारट, आणि मशिनमधला सेन्सर ते माप राखतो. तो सेन्सर बरोबर आहे की नाही हे तपासायला कारखान्यात बनलेलं, सीलबंद, माहीत असलेल्या खारटपणाचं पाणी लागतं. आम्ही त्याला मापाची बाटली म्हणायचो. आमच्या शहरात तशी शेवटची बाटली दोन वर्षांपूर्वी संपली होती.

नेरिओने डोकं चालवलं. सरोवराकाठच्या कोळंबीच्या तळ्यांवर पाण्याचा खारेपणा मोजायचा एक हातातला मीटर असतो, तो त्याने मिळवला. पाचांतलं चार नंबरचं मशीन सगळ्यात नवं, सगळ्यात भरवशाचं. त्याने मीटर चार नंबरच्या आकड्याशी जुळवला आणि मग त्या मीटरवरून बाकीची चारही मशिनं लावली. प्रत्येक मशिनमध्ये पहिल्यावर पहारा करणारा दुसरा सेन्सर असतो. तोही पहिल्याशी जुळवून टाकला. दर सोमवारी हे सगळं पुन्हा. पाचही मशिनं दशांशापर्यंत एकच आकडा दाखवू लागली.

“पाचही जणी एका सुरात गातात बघ,” तो मला म्हणाला.

त्याने ती रीत फोटोंसकट ग्रुपवर टाकली. साठ जणांनी हृदयं पाठवली. एकाने लिहिलं, “तुझा पुतळा उभारू, फक्त ब्राँझ मिळू दे.” मी तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर टाचून ठेवला, म्हणजे नव्या माणसाला आधी तोच दिसेल.

दुसऱ्या दिवशी बोलिव्हियातल्या कोचाबांबाहून ग्रिसेल आन्तेसाना हिने लिहिलं. ती ग्रुपमध्ये फार बोलायची नाही.

“आदरणीय इंजिनिअर बोस्कान, आपल्या परिश्रमांचं कौतुक वाटतं. एक शंका विचारण्याची परवानगी असावी. मीटर आपण चार नंबरवरून लावलात आणि बाकीची मशिनं मीटरवरून. चार नंबरला कोणी मोजलं?”

नेरिओ फोन घेऊन माझ्याकडे आला. दारातूनच म्हणाला, “इंजिनिअर म्हणते मला! वाचलंस? माझ्याकडे कागद नाही हे हिला कोणीतरी सांगितलंय. चारशे माणसांत टोपी उडवतेय माझी.”

“अरे, साधी शंका विचारलीय.”

“शंका? ‘परवानगी असावी’ म्हणे! माणूस असं बोलतं का? रोखठोक गाढव म्हटलं असतं तर चाललं असतं मला.”

आणि माझ्यासमोर, त्या एका बोटाने, बाईसाहेब म्हणतात तसं तिला ‘डोन्या’ म्हणत त्याने लिहिलं: “डोन्या, इथे कालपासून पुन्हा वीज नाही. मापाची बाटली तुमच्याकडे असेल तर पाठवा. नसेल तर डोंगरावरची थंड हवा खा आणि काम करणाऱ्यांना काम करू द्या.”

तिचं उत्तर आलं: “आपल्या परिस्थितीची कल्पना आहे. तरीही प्रश्न तोच राहतो.”

मग जे व्हायचं ते झालं. ग्वायाकीलच्या एकाने लिहिलं, “मॅडम, चार नंबरला पाच नंबरने मोजलं आणि पाचला देवाने.” मला हसू आलं. हे मी लपवत नाही, मला हसू आलं. दुसऱ्याने चष्मा घातलेल्या, हातात छडी घेतलेल्या मास्तरणीचं चित्र टाकलं. तिच्या नवऱ्यावरून कोणीतरी काहीतरी घाण लिहिलं, ते मी पुसलं. बाकीचं राहू दिलं. तिने कोणालाच उलट उत्तर दिलं नाही. पुन्हा फक्त प्रश्न लिहिला, आणखी थोडा सोपा करून, एक छोटी आकृती काढून.

नेरिओने शेवटचा दगड उचलला. “याच मशिनांवर मी माझ्या सख्ख्या बहिणीला बसवतो. आता बोला.”

ती म्हणाली, “म्हणूनच विचारते आहे.”

बहिणीचं नाव निघालं म्हटल्यावर ग्रुप पेटला. मी लिहिलं, “वैयक्तिक बोलणं बंद. दोघांनीही शांत व्हावं.” दोघांनीही, असं लिहिलं, आणि तोंड मात्र एकाच माणसाचं बंद केलं. सात दिवस तिला लिहिता येणार नाही असं करून टाकलं. ती एकटी होती आणि ते साठ होते. साठांना गप्प करण्यापेक्षा एकाला गप्प करणं सोपं असतं. त्या दुपारी ती ग्रुप सोडून गेली.

जाण्याआधी तिने मला एकट्याला एक मेसेज पाठवला होता. “त्यांचा अपमान करायचा नव्हता. कदाचित सर्वांसमोर विचारायला नको होतं. आपण त्यांना एवढंच सांगा: चार नंबरमधून जे पाणी येतं त्याची एक बाटली भरून प्रयोगशाळेत सोडियम मोजून घ्या. एकदाच.”

मी तो वाचला. म्हटलं, तापलाय, निवला की सांगू. माराकाइबोत काही निवत नाही. मी ते विसरलो, असंही म्हणता येत नाही. मी ते एका बाजूला ठेवलं, आणि बाजूला ठेवलेल्या वस्तूवर धूळ बसते तशी त्यावर बसली.

मे महिन्यात योलेइदाला तहान लागायला लागली.

तहान सगळ्यांनाच होती. पंखे बंद, नळाला पाणी नाही, हवा भट्टीची. पण डायलिसिसच्या माणसाने पाणी मोजून प्यायचं असतं, कारण प्यायलेलं बाहेर पडायला वाट नसते. मशिनवर बसण्याआधी काट्यावर उभं राहायचं. दोन दिवसांत किती पाणी साठलं ते काटा सांगतो. योलेइदाचं आधी दोन किलो भरायचं. मग चार भरलं. मग पाच. पावलं सुजून चपलांत मावेनात.

“माझ्या तोंडात मिठागर झालंय, नेरिओ,” ती म्हणायची. “कोळंबीच्या मीटरने मोजतोस ना मला, मग मी खारवणारच.”

तो हसायचा नाही. भर खोलीत, सगळ्या खुर्च्यांवरची माणसं ऐकत असताना, तो म्हणाला, “खोटं बोलू नकोस, योले. काटा खोटं बोलत नाही. खारवलेला मासा खाल्लास तू.”

“आईशप्पथ नाही.”

“मग चीज.”

“उकडलेलं केळं आणि मक्याची अळणी अरेपा. तिसरं काही पोटात गेलं असेल तर जीभ झडेल माझी.”

“जीभ नाही झडणार, हृदय बंद पडेल. आणि मग मी काय करू?” त्याचा आवाज चिरकला तेव्हा नर्स दुसरीकडे बघायला लागली.

त्या आठवड्यात तो तिच्या घरी गेला. मिठाची बरणी उचलून आणली. फडताळं उघडून पाहिली, गादीखाली पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणून तिने फारच हुशारीने लपवलं आहे अशी त्याची खात्री झाली. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या निळ्या पिंपाला त्याने कडी ठोकली आणि कुलूप घातलं. शेजारणीकडे किल्ली दिली: दिवसातून तीन पेले, जास्त नाही. योलेइदा खुर्चीवर बसून बघत होती. शेजारीण मला नंतर म्हणाली, ती एक शब्द बोलली नाही. जन्मात पहिल्यांदा.

खोलीतल्या दोन माणसांना जूनमध्ये मरण आलं, एकाला ऑगस्टमध्ये. त्या वर्षी आम्हाला मरणाला कारण विचारायची सवय राहिली नव्हती. औषधं नव्हती, वीज नव्हती, रक्ततपासणीची रसायनं नव्हती. कारणं इतकी होती की आणखी एक शोधायला कोणी गेलं नाही. आणि पाचही मशिनं एकच आकडा दाखवत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात योलेइदाच्या फुप्फुसांत पाणी भरलं. तिला वॉर्डात आणलं तेव्हा रक्तदाब मोजणारी नर्स आकडा मोठ्याने म्हणायला कचरली. डावा हात लुळा पडला होता. डायलिसिसच्या प्रमुख डॉक्टर मावारेस म्हणाल्या, “रोज बसवा हिला. पाणी काढा.”

रोज बसवलं. चौथ्या दिवशी भर दुपारी नेरिओ माझ्या घरी आला. उन्हातून चालत आला होता, टोपी नव्हती. खुर्ची दाखवली तरी उभाच राहिला.

“सिरो, ती चार दिवस वॉर्डात आहे. तोंडाने काही नाही, नुसतं नळीतून थोडं ग्लुकोज. नर्सच्या डोळ्यांसमोर. तिला तिथे कोण मासा आणून देणार?”

“कोणी नाही.”

“सकाळी तिची जीभ ओली असते. पाणी मागत नाही. मग मी तिला चार तास मशिनवर बसवतो, आणि उठवतो तेव्हा ओठ फाटलेले असतात. पाणी पाणी करते.” तो थांबला. “मशिनवर बसल्यावर तहान लागते तिला. मशिनवर. घरी नाही.”

त्याने फोन काढला आणि ग्रुपमध्ये वर वर सरकवत गेला, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. बोट मार्चवर थांबलं.

“हिचा प्रश्न अजून इथेच आहे,” तो म्हणाला. “वीज परत आली ती आधी चार नंबरच्या सेन्सरला लागली असणार. तो थोडाथोडा सरकत गेला. मी दर सोमवारी मीटर त्याच्याशी जुळवला आणि मीटरने बाकीच्यांना त्याच्यामागे ओढत नेलं. त्या एकमेकींशी जुळत होत्या. बाहेरच्या कशाशी जुळतात, ते मी पाहिलंच नाही.” मग अगदी हळू: “तिने नंतर तुला काही लिहिलं होतं का रे?”

मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो मेसेज तीनदा वाचला असेल. मला वाटलं तो मारेल. मी तयार होतो, मला तेच बरं वाटलं असतं.

“मार्चमधला आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“आता ऑक्टोबर.”

“हो.”

एवढंच. फोन परत देताना त्याने काचेवरचा डाग शर्टाच्या टोकाने पुसला.

दुसऱ्या सकाळी आम्ही पाच मशिनांतून पाच बाटल्या भरल्या. शहरातल्या एकाही प्रयोगशाळेत सोडियमचं रसायन नव्हतं. पुलापलीकडे काबीमासला एकीत होतं. बसमध्ये नेरिओने बाटल्यांची पिशवी गुडघ्यांत धरली होती. सरोवर ओलांडताना खिडकीकडची बाई म्हणाली, “काय नेताय एवढं जपून? तीर्थ?” तो म्हणाला, “पाणी.” तिकडे चिठ्ठी मिळाली. एकशे अडतीस असायला हवं होतं. एकशे बावन्न, एक्कावन्न, बावन्न, बावन्न, एक्कावन्न. पाचही जणी एका सुरात.

सात महिने, आठवड्यातून तीनदा, त्याने आपल्या बहिणीच्या रक्तात मीठ घातलं होतं आणि मीठ खाल्लंस म्हणून तिलाच बोल लावला होता.

डॉक्टर मावारेसनी दार लावून घेतलं. “गुपचूप दुरुस्त कर,” त्या म्हणाल्या. “कुठे लिहू नकोस, कोणाला सांगू नकोस. ही गोष्ट बाहेर गेली तर वरचे लोक खोलीला टाळं ठोकतील. बत्तीस माणसं आहेत माझ्याकडे. त्यांना कशावर बसवू? तुझ्या पश्चात्तापावर?”

“डॉक्टर, माझी रीत अकरा गावांत चालू आहे.”

“काय?”

“ग्रुपवर टाकली होती. सिरोने माथ्यावर लावली होती. मी मोजलं; अकरा गावांतल्या लोकांनी ‘लावली, चालते’ असं लिहिलंय.”

“मग इस्पितळाचं नाव घालू नकोस,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुझं घालायचं तर घाल.”

आधी खरं माप हवं होतं. मापाची बाटली घरी बनवता येते असं म्हणतात, पण कशी, ते आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं. मी ग्रिसेल आन्तेसानाला लिहिलं. माफी मागितली, मग काय घडलं ते सांगितलं, मग पुन्हा माफी मागितली. तासाभरात उत्तर आलं. माफीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. शुद्ध मीठ भट्टीत किती वेळ कोरडं करायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात किती घालायचं, कुठल्या तापमानाला कोणता आकडा यायला हवा, याचा सगळा तक्ता होता. “सोनाराचा काटा चालेल,” तिने लिहिलं होतं, “पण आधी काट्याला मोजा.” आणि अगदी खाली: “इंजिनिअर बोस्कान यांना नमस्कार. त्यांच्या बहिणीची प्रकृती कशी आहे?”

नेरिओने ते वाचलं. “अजूनही इंजिनिअर?”

“तिच्याच देशातल्या, पोतोसीच्या एकाला विचारलं मी,” मी म्हणालो. “तिकडे हातात पाना दिसला की इंजिनिअर म्हणतात. मान म्हणून. बसवाल्यालासुद्धा उस्ताद म्हणतात.”

“म्हणजे ती मान देत होती मला.”

“हो.”

“आणि मी तिला थंड हवा खायला सांगितलं.” तो हसल्यासारखं काहीतरी करायला गेला आणि ते त्याला जमलं नाही.

शेवट त्याने खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिला. दोन तास लागले. मार्चमधल्या तिच्या त्या प्रश्नालाच त्याने उत्तर जोडलं, म्हणजे वाचणाऱ्याला आधी प्रश्न दिसेल. पहिली ओळ होती: “कोणीच नाही.” पुढे:

“मी मशिनवरून मीटर लावला आणि मीटरवरून मशिनं. सात महिने पाणी खारट जात होतं. चिठ्ठीचा फोटो सोबत. ज्यांनी माझी रीत वापरली त्यांनी आज मशिनं थांबवावीत, पाणी बाहेरून तपासून घ्यावं, मग डोन्या ग्रिसेल यांच्या तक्त्याप्रमाणे लावावं. त्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी उत्तराऐवजी शिवी दिली. रुग्ण सांगत होती की तिने मीठ खाल्लेलं नाही. मी विश्वास ठेवला नाही. रुग्ण खरं बोलत होती. चूक माझी. नेरिओ बोस्कान, माराकाइबो.”

चारशे माणसं वाचत होती, ते दिसत होतं. मग ग्वायाकीलचा तोच विनोदवाला: “आमच्याकडे सहा मशिनं तुझ्या रीतीवर चालतात, हरामखोरा. माझ्या सासूला गेल्या महिन्यात पुरलं.” मग दुसरा, तिसरा. एकाने नुसतं ‘खुनी’ लिहिलं.

माझं बोट त्या ग्वायाकीलवाल्याचं तोंड बंद करायला गेलं होतं. नेरिओने माझं मनगट धरलं.

“राहू दे. या वेळी कोणाला गप्प करू नकोस.”

आणि त्याने लिहिलं: “मशिनं बंद करा. पाणी तपासा. मग शिव्या द्या, मी इथेच आहे.”

तो इथेच राहिला. तीन दिवस प्रत्येक शिवीला त्याने एकच उत्तर दिलं: तुमच्या पाण्याचा आकडा काय आला? अकरांपैकी सात गावांनी आकडे पाठवले. चार ठिकाणी बिघाड निघाला. ग्रिसेलला मी परत घेतलं होतं. ती आकडे एका तक्त्यात मांडत गेली, कोणावर शब्दाने चढली नाही.

त्याच तीन दिवसांत, मापाच्या पाण्याने, पाचही मशिनं नव्याने लागली. योलेइदाला दोन नंबरवर बसवलं. चार तासांनी नर्सने सवयीने बर्फाचा खडा पुढे केला, आणि तिने मान वळवली. नको होता. नेरिओ मशिनच्या मागे उभा होता. तो खाली वाकला आणि ज्या नळीला काही झालं नव्हतं ती तपासत राहिला, खूप वेळ.

चारशे लोकांना जे सांगितलं ते त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर त्याला फक्त उशी सरळ करता यायची. डॉक्टर म्हणाल्या होत्या, हृदय फार ताणलं गेलंय, आता फारसं हातात नाही.

एका सकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा ती जागी होती. तोंडाची एक बाजू ओघळली होती, पण शब्द कळत होते.

“सिरो, हे सगळे माझ्याकडे बघून कुजबुजतात. नेरिओने काय लिहिलंय ते वाच.”

“योलेइदा, नंतर...”

“माझ्याकडे नंतर आहे का? वाच.”

मी वाचलं. ‘कोणीच नाही’पासून गावाच्या नावापर्यंत. तिने डोळे मिटून ऐकलं.

“‘रुग्ण’ म्हणे,” ती म्हणाली. “मी त्याचा शेंबूड पुसला. त्याच्या शाळेच्या बुटांसाठी हात भाजून घेतले. माझं नाव लिहायला बोट झिजलं असतं का त्याचं?”

मी फोन खिशात ठेवला.

“त्याला सांग, पिंपाचं कुलूप काढ.” मग डोळे न उघडता म्हणाली, “आणि तू? तू काय लिहिलंस?”

मी काहीच लिहिलं नव्हतं.

नेरिओला मी निरोप सांगितला, नावाचा आणि कुलपाचा, दोन्ही अर्धे. तो तिथूनच तिच्या घरी गेला. किल्ली शेजारणीकडे होती, पण तेवढं थांबणं त्याला झेपलं नाही. त्याने पान्याने कडीच उपटली. कुलूप खिशात घालून वॉर्डात आला आणि तिच्या उजव्या, चालणाऱ्या हातात ठेवलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, “योले.” आणखी काहीतरी म्हणणार होता. तिने कुलूप मुठीत धरलं आणि म्हणाली, “जा, कामाला जा. बाकीचे खोळंबलेत.”

मंगळवारी सकाळी ती गेली.

त्या दुपारी त्याच्या शेवटाखाली एक ओळ आली. आमच्याकडे शेवट बदलत नाहीत, म्हणून त्याने ती खाली जोडली होती. “रुग्णाचं नाव योलेइदा बोस्कान.” तिच्याखाली मी माझं लिहिलं: मार्चमधला मेसेज, तो कोणी पाठवला, तो कोणी दाबून ठेवला. कोणी हृदयं पाठवली नाहीत. ग्रिसेलने एक वाक्य लिहिलं: “मापाचं पाणी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागेल, इंजिनिअर, बाटली हवाबंद ठेवली आहे ना?”

नेरिओने उत्तर दिलं: “नाही ठेवली. बरोबर आहे आपलं. उद्या ठेवतो.”

खोली अजून चालते. दर सोमवारी तो चार नंबर आधी मोजतो, आकड्याचा आणि बाटलीचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि विचारतो, कोणी चूक काढेल का. लोक काढतात. काही नीट बोलतात, काही नाही. तो सगळ्यांना उत्तर देतो, त्या एका बोटाने. ग्रुपच्या माथ्यावर आता त्याची रीत नाही, तो शेवट आहे. नवा कोणी विचारतो, ही योलेइदा बोस्कान कोण. मी म्हणतो, वरून वाचा.

तिचं घर त्याने विकलं नाही, कोणाला राहायलाही दिलं नाही. रविवारी जातो, निळं पिंप रिकामं करतो, घासतो, काठोकाठ भरतो, आणि झाकण न लावता परत येतो. ते पाणी कोणी पीत नाही.